गीतरत्न : वाच्यार्थाची सीमा आणि अर्थाचा अधिकार

हिब्रू बायबलमधील ‘शीर हश्शिरीम’ हे पुस्तक मराठी बायबलमध्ये ‘गीतरत्न’ या नावाने येते. मूळ नावाचा शब्दशः अर्थ ‘गीतांचे गीत’ असा आहे. एखाद्या वस्तूचे सर्वश्रेष्ठत्व सांगण्यासाठी त्याच नामाचे एकवचन आणि अनेकवचन षष्ठीच्या संबंधाने जोडावयाचे, ही हिब्रू भाषेची एक लकब आहे. मराठी अनुवादाने ही लकब बाजूला ठेवून तिचा आशय तेवढा उचलला आणि नररत्न, ग्रंथरत्न अशा आपल्या परिचित समासांच्या साच्यात तो बसवला. अनुवाद म्हणून हा निर्णय उत्तमच म्हटला पाहिजे. परंतु त्याची एक किंमत आहे. या पुस्तकाच्या पावित्र्याविषयी दुसऱ्या शतकाच्या आरंभी वाद झाला, तेव्हा रब्बी अकिवाने दिलेले उत्तर मिश्नामध्ये नोंदलेले आहे. सर्वच लेख पवित्र आहेत, हे मात्र ‘पवित्रांचे पवित्र’ आहे, अशा आशयाचे ते उत्तर होते. यरुशलेमच्या मंदिराच्या अंतर्गृहाला जे नाव, तेच त्याने या गीताला दिले आणि हा सारा युक्तिवाद गीताच्या नावातील व्याकरणिक रचनेवर उभा केला. ‘गीतरत्न’ म्हणताच हा दुवा निखळतो. म्हणजे या पुस्तकाच्या प्रतीकात्मक वाचनाचे एक मूळ त्याच्या नावाच्या अगदी शब्दशः वाचनात आहे आणि अर्थानुवादाने नेमके तेच झाकले जाते. बायबलच्या अर्थनिर्णयनातील ‘शब्दशः की प्रतीकात्मक’ हा वाद वरकरणी दिसतो तितका सरळ नाही, याची पहिली खूण अशी मुखपृष्ठावरच सापडते.

आठ अध्याय आणि 117 वचने एवढाच या संहितेचा विस्तार. तिच्यात नियमशास्त्र नाही, करार नाही, संदेष्ट्यांची वाणी नाही, प्रार्थना नाही. देवाचे नाव निःसंदिग्धपणे एकदाही येत नाही. आहेत ते एक स्त्री व एक पुरुष, त्यांची परस्परांच्या देहांची वर्णने, द्राक्षमळे, मेंढरे, सुगंधी द्रव्ये, रात्रीचा शोध आणि शहराचे पहारेकरी. अधिक बोलते ती स्त्री. कोणते वाक्य कोणाचे, हे संहिता सांगत नाही. वाचकाला ते सर्वनामांच्या व क्रियापदांच्या लिंगावरून ओळखावे लागते. हिब्रूमध्ये द्वितीय पुरुषी सर्वनामालाही लिंग असल्याने हे काम बऱ्याच अंशी साधते. मराठीत ‘तू’ उभयलिंगी असला तरी विशेषण आणि क्रियापद साहाय्याला येतात; इंग्रजीसारख्या भाषांत मात्र संपादकाला समासात वक्त्यांची नावे घालावी लागतात. वाच्यार्थ ठरवण्यापूर्वीच वाचकाला अर्थाची अशी अनेक कामे करावी लागतात, ही गोष्ट वाच्यार्थाच्या पुरस्कर्त्यांनी सहसा मनावर घेतलेली नाही.

अकिवाच्या काळी हे गीत लोक मद्यपानाच्या मेजवान्यांत गात असत, हे त्याच्या दुसऱ्या एका निषेधवचनावरून कळते; असे गाणाऱ्याला परलोकात वाटा नाही, असे तो बजावतो. म्हणजे वाच्यार्थ ही आधुनिक चिकित्सकांनी लावलेली नवी शोधवस्तू नव्हे. रूपकात्मक वाचन रूढ होत असताना तो समाजात राजरोस वावरत होता आणि त्याला हटवण्यासाठीच पावित्र्याचा एवढा उच्चार करावा लागला. पुढे अरामी भाषेतील तार्गुमने या प्रेमगीतात मिसर देशातून झालेल्या सुटकेपासून मसीहाच्या युगापर्यंतचा इस्राएलचा सबंध इतिहास वाचला. ख्रिस्ती परंपरेत ओरिगेनने (सुमारे 185 ते 253) यावर दहा खंडांचे भाष्य रचले. रुफिनसच्या लॅटिन अनुवादात आज त्याची प्रस्तावना व पहिले तीन खंड तेवढे उरले आहेत. दोन प्रवचने जेरोमच्या अनुवादात आहेत.

ओरिगेनचे नाव निघाले की त्याने वाच्यार्थ धुडकावला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हे विवाहगीत नाट्यरूपात लिहिलेले आहे, असे तो आरंभीच सांगतो आणि कोण कोणाशी बोलते आहे हा संवादाचा उलगडा आधी करून मगच आध्यात्मिक अर्थाकडे वळतो. तेथे वधू म्हणजे मंडळी अथवा मानवी आत्मा आणि वर म्हणजे ख्रिस्त. त्याची सैद्धान्तिक भूमिका ‘मूलतत्त्वांविषयी’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात आहे. शास्त्रात देवाने ठिकठिकाणी अडखळण मुद्दाम पेरून ठेवले आहे. सूर्य-चंद्र निर्माण होण्यापूर्वी संध्याकाळ व सकाळ कशी झाली, यासारख्या अशक्य गोष्टींपाशी वाचक थबकावा आणि त्याने वरच्या अर्थाचा शोध घ्यावा, अशी ती योजना आहे, असे तो मानतो.

भारतीय काव्यशास्त्राशी परिचित असलेल्या अभ्यासकाला येथे लक्षणाविचाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी घातल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गौळवाडा आहे, असे म्हटले की प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून तीर हा अर्थ घ्यावा लागतो. ओरिगेनचे अडखळण हाच मुख्यार्थबाध होय. यज्ञस्तंभ म्हणजे सूर्य, या वेदवाक्यापाशी मीमांसकांनी गौण अर्थाचा आश्रय केला तोही याच कारणाने. उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या तीन दिवसांना ही कसोटी लावता येते. ऑगस्टीनने तर उत्पत्तीवरील आपल्या भाष्याच्या शीर्षकातच ‘शब्दार्थानुसार’ असे म्हटले आणि तरीही ते सहा दिवस सूर्याच्या उदयास्ताने मोजावयाचे दिवस नव्हेत, सारे एकाच वेळी निर्माण झाले, असा निर्णय दिला.

गीतरत्नाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. तरुणी प्रियकराला शोधत रात्री गल्ल्यांतून हिंडते, पहारेकरी तिला मारतात, द्राक्षमळ्यात फुले आली का ते पाहायला दोघे निघतात. यात अशक्य ते काय? संहितेच्या आत मुख्यार्थाचा बाध कोठेही नाही. बाध येतो तो बाहेरून : ही रचना पवित्र ग्रंथात समाविष्ट आहे आणि पवित्र ग्रंथ केवळ शृंगार सांगणार नाही, या गृहीतकातून. म्हणजे वाक्याने जे करायचे ते काम येथे ग्रंथसंग्रहाने केले. ही गोष्ट काव्यशास्त्राच्या दृष्टीने अवैध आहे असे मात्र म्हणता येत नाही. प्रकरण, देश, काल, वक्ता आणि श्रोता यांवरून अर्थ पालटतो, हे आपल्याकडील आचार्यांनीही मान्य केले आहे. शिवाय रूपकवाद्यांच्या पदरी रूढीही होती. होशेय, यिर्मया, यहेज्केल या संदेष्ट्यांनी देव व इस्राएल यांचे नाते पती-पत्नीच्या प्रतिमेत मांडले होतेच. फरक एवढाच की होशेय ती प्रतिमा वापरताना ती प्रतिमा आहे हे स्वतः सांगतो. गीतरत्नाचा कवी याविषयी अवाक्षर काढत नाही.

त्याचे मौन वाचकांनी कसकसे भरले, याचे सर्वांत बोलके उदाहरण पहिल्या अध्यायातील पाचव्या वचनात आहे. यरुशलेमच्या कन्यांना उद्देशून ती तरुणी आपल्या काळेपणाचा आणि सौंदर्याचा एका दमात उच्चार करते. दोन विशेषणांच्या मध्ये हिब्रूमध्ये केवळ ‘व’ हे एक अक्षर आहे. हे उभयान्वयी ‘आणि’ही होऊ शकते, ‘पण’ही होऊ शकते. ग्रीक सप्ततीने ‘आणि’ घेतला. लॅटिन व्हल्गेटने ‘पण’ घेतला आणि पश्चिम युरोपच्या कानात तोच शतकानुशतके घुमत राहिला; 1611 च्या इंग्रजी अनुवादातही तो आहे, 1989 च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने मात्र पुन्हा ‘आणि’ केला. ओरिगेनने काळेपणात अन्यजातीयांतून आलेल्या मंडळीचे पाप पाहिले आणि सौंदर्यात पश्चात्ताप. एकदा ‘पण’ स्वीकारला की ही रूपककथा जवळजवळ आपोआप सुरू होते, कारण दोष आणि त्याचे निराकरण अशी दोन टोके व्याकरणानेच पुरवलेली असतात. ‘आणि’ घेतला तर रूपकाला धरायला जागाच उरत नाही. येथे मराठी वाचकाची स्थिती मोठी विलक्षण आहे. सावळ्या विठ्ठलाच्या रूपावर ज्याचे कान घडले, त्याला सावळेपणा आणि सौंदर्य यांच्यामध्ये ‘पण’ची गरज वाटू नये. परंतु हाच वाचक घरातील मुलीचे लग्न ठरवताना ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य सहज उच्चारतो. देवासाठी ‘आणि’, मुलीसाठी ‘पण’. मूळ वचनातील तरुणी मुलगीच आहे. पुढच्याच वचनात ती आपल्याला उन्हाने जाळले, भावांनी रागावून मळ्याच्या राखणीला बसवले, असे सांगते. तिच्या तोंडी कोणता उभयान्वयी घालावा, हे कोणताही कोश ठरवून देत नाही. शब्दशः अनुवाद म्हणून जे ओळखले जाते त्याच्या आत असे निर्णय दडलेले असतात.

‘शब्दशः’ या संज्ञेचा स्वतःचाही एक इतिहास आहे आणि तो ध्यानी न घेतल्याने बरीच चर्चा भरकटते. थॉमस अक्वायनसच्या मते ग्रंथकर्त्याला अभिप्रेत असलेला अर्थ तो शब्दार्थ. देवाचा बाहू, असे शास्त्र म्हणते तेव्हा त्याचा शब्दार्थ अवयव हा नसून कर्तृत्वशक्ती हा आहे. अलंकारातून व्यक्त होणारा अर्थ शब्दार्थातच मोडतो. हे सूत्र एकदा मान्य केल्यावर चौदाव्या शतकात निकोलस ऑफ लायरा याने गीतरत्नावर लिहिलेल्या शब्दार्थविवरणात देवाच्या प्रजेचा इतिहास हाच या गीताचा शब्दार्थ असल्याचे प्रतिपादन केले. ओरिगेनचे रूपक हजार वर्षांनी असे वाच्यार्थाच्या पदाला पोचले! उलट, मोप्सुएस्तियाच्या थिओडोरने (सुमारे 350 ते 428) हे गीत शलमोनाने मिसरच्या राजकन्येशी झालेल्या आपल्या विवाहाच्या समर्थनार्थ रचले, असे म्हटले होते. 553 च्या कॉन्स्टॅन्टिनोपल येथील धर्मपरिषदेने थिओडोरचा निषेध केला तो मुख्यतः त्याच्या ख्रिस्तविषयक मतांमुळे. परंतु त्याच्याविरुद्ध वाचून दाखवलेल्या उताऱ्यांत गीतरत्नाविषयीचे मतही होते.

वाच्यार्थवाद्यांचा छळ आणि रूपकवाद्यांची सत्ता, अशी सोपी मांडणी यावरून करण्याचा मोह होतो. कॅस्टेलिओचे उदाहरण त्या मोहाला बळही देते. हे कामुक गीत आहे, असे त्याने म्हटल्याने 1544 मध्ये जिनिव्हात त्याला धर्मसेवकाचे पद नाकारण्यात आले आणि नाकारणारा कॅल्विन स्वतः अन्यत्र शब्दार्थाचा कट्टर कैवारी होता. परंतु सोळाव्या शतकातील स्पेनकडे पाहिले की ही मांडणी टिकत नाही. सालामांका विद्यापीठात शिकवणारा फ्राय लुईस दे लेओन याने एका मठवासिनीसाठी गीतरत्नाचा हिब्रूवरून स्पॅनिश अनुवाद केला व त्याला शब्दार्थाला धरून चालणारी टीका जोडली. 1572 ते 1576 अशी सुमारे पावणेपाच वर्षे तो इन्क्विझिशनच्या तुरुंगात होता. व्हल्गेटपेक्षा हिब्रू संहितेला महत्त्व देणे आणि हे गीत देशी भाषेत आणणे, हे त्याच्यावरील आरोपांत होते. त्याच सुमारास आविलाच्या तेरेसाने गीतरत्नातील काही वचनांवर चिंतन लिहिले. ते पूर्णपणे आध्यात्मिक होते; चुंबन म्हणजे आत्म्याला लाभणारी देवाची शांती, असा तिचा अर्थ. तरीही तिच्या धर्मगुरूने ते जाळायला सांगितले आणि तिने ते जाळले. मठांतून फिरलेल्या नकलांमुळे ते वाचले. क्रूसाच्या योहानाने गीतरत्नाच्या प्रतिमांवर उभे असलेले आपले ‘आध्यात्मिक गीत’ 1577-78 मध्ये तोलेदोच्या कोठडीत रचायला घेतले, पण त्याला कोंडले होते ते त्याच्याच संघातील सुधारणाविरोधकांनी. अर्थाचा तेथे संबंध नव्हता.

लुईस आणि तेरेसा यांना शेजारी ठेवून पाहिले तर एक वाच्यार्थाला धरून चालणारा, दुसरी प्रतीकार्थाची. तरी दोघांच्या लेखनावर गदा आली. समान धागा अर्थाच्या प्रकारात नाही. तो भाषेत आणि वाचकात आहे : लॅटिनच्या बाहेर, देशी भाषेत, विशेषतः स्त्रीच्या हाती हे गीत जाणे. ओरिगेननेही अपक्व वाचकाने याच्या वाटेला जाऊ नये म्हणून बजावले होते आणि यहुद्यांमध्ये हे पुस्तक प्रौढ वयापर्यंत राखून ठेवण्याची प्रथा असल्याचा हवाला दिला होता. आपल्याकडे याला ‘अधिकार’ असा नेमका शब्द आहे आणि गीतेचा अर्थ देशी भाषेत आणणाऱ्या परंपरेला तो अपरिचित नाही. प्रतीकवाद हा अधिकाराचे रक्षण करण्याचा एक मार्ग होता, हे खरे. परंतु अनधिकारी व्यक्तीने प्रतीक उलगडले तर तेही सहन केले जात नसे.

अठराव्या शतकात वारे फिरले. रॉबर्ट लाउथची हिब्रू काव्यावरील व्याख्याने 1753 मध्ये प्रसिद्ध झाली आणि हर्डरने 1778 मध्ये गीतरत्न हे पौर्वात्य प्रेमगीतांचा संग्रह म्हणून जर्मनमध्ये आणले. एकोणिसाव्या शतकात दमास्कस येथील प्रशियाचा वकील वेट्झस्टाइन याने सिरियातील ग्रामीण विवाहगीतांतील नखशिखान्त वर्णनांकडे लक्ष वेधले. वाच्यार्थ प्रतिष्ठित झाला आणि आता रूपक हा संकोचाचा विषय ठरला. परंतु या विजयी वाच्यार्थवादाचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे. चौथ्या अध्यायातील बंद बाग ही बाग आहे, असे कोणता आधुनिक भाष्यकार मानतो? पहिल्या अध्यायातील ‘स्वतःचा मळा’ तर कोणीच मळा म्हणून वाचत नाही. बाग म्हणजे देह, मळा म्हणजे देह, कडीला लागलेला हात म्हणजे आणखी काही. मार्विन पोपच्या 1977 च्या विस्तृत भाष्यात तर प्राचीन पश्चिम आशियातील देवतापूजेचे व मृतसंस्कारांचे संदर्भ जागोजाग उलगडलेले दिसतात. एकाने द्राक्षमळ्यात मंडळी पाहिली, दुसऱ्याने देह, तिसऱ्याने दैवतविधी. प्रतीक कोणीही सोडलेले नाही. कोणत्या पायरीवर थांबायचे याविषयी तेवढा मतभेद आहे. त्यातही जो देहापाशी थांबतो त्याला आपण थांबलो आहोत, वाचले नाही, असे वाटते. हा आत्मभ्रम आहे.

तौलनिक अभ्यासात गीतरत्नाची तुलना बहुधा मधुराभक्तीच्या काव्याशी केली जाते. जयदेव आणि क्लेअरव्होचा बर्नार्ड हे दोघेही बाराव्या शतकातले, हा योगायोग त्यासाठी पुढे केला जातो. मराठीत ज्ञानदेवांच्या विराण्यांचे नाव घेतले जाते. ही तुलना हृद्य असली तरी सदोष आहे. विराणीच्या अखेरीस ‘बापरखुमादेवीवर’ ही मुद्रिका येते आणि विरह कोणाचा हे कवी स्वतः सांगून मोकळा होतो. प्रतीक तेथे रचनेचाच भाग आहे. गीतरत्नात ते ग्रहणाच्या इतिहासाचा भाग आहे. त्याचे खरे सजातीय शोधायचे तर ते अमरुशतक आणि हालाची गाथासप्तशती यांत सापडते. अमरूच्या मुक्तकांवर रविचंद्राने शृंगाराबरोबर शांतरसाचाही अर्थ लावला आणि त्या शतकाचे कर्तृत्व आद्य शंकराचार्यांकडे नेणारी आख्यायिकाही रूढ झाली. कर्तृत्व शलमोनाकडे गेल्याने गीतरत्नाचे जे झाले, त्याचाच हा छोटा अवतार. गाथासप्तशतीला मात्र टिकण्यासाठी धर्मग्रंथ व्हावे लागले नाही. तिला काव्यशास्त्राने सांभाळले.

खाइम राबिनने 1973 मध्ये गीतरत्नाचा संबंध तमिळ संगम काव्याशी जोडला. मोराला असलेला हिब्रू शब्द, सुगंधी द्रव्यांचा व्यापार, विरहिणी स्त्रीचा प्रथमपुरुषी स्वर आणि निसर्गाशी तिचे तादात्म्य हे त्याचे आधार. शलमोनाचा काळ आणि उपलब्ध संगम कवितांचा काळ यांत पडणारे अंतर पाहता प्रत्यक्ष प्रभावाचे हे गृहीतक स्वीकारणे कठीण आहे. परंतु त्यातून सुचलेली तुलना अब्राहम मरियासेल्वम यांच्या 1988 च्या ग्रंथात अधिक फलदायी झाली. अकम् कवितेत नायक-नायिकांना नाव नसते आणि भूप्रदेशाच्या वर्णनात भावस्थिती अनुक्तपणे गुंफलेली असते. गीतरत्नातील बाग आणि डोंगर या रीतीने वाचले, तर ते सजावट राहत नाहीत आणि कूटही होत नाहीत.

हाच मुद्दा आनंदवर्धनाच्या परिभाषेत अधिक काटेकोरपणे मांडता येतो. ध्वनीचे त्याने दोन मुख्य प्रकार मानले. अविवक्षितवाच्य ध्वनीत वाच्यार्थ कवीला अभिप्रेतच नसतो. विवक्षितान्यपरवाच्यात तो अभिप्रेत असतो आणि तसा राहूनच दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवतो. रूपकवाद्यांनी गीतरत्न पहिल्या प्रकारात ढकलले : वधू ही वधू नव्हेच. त्यांच्या विरोधकांनी व्यंग्यार्थच नाकारला. दुसरी शक्यता दोघांनीही फारशी अजमावली नाही. गोदातीरावरच्या कुंजात फुले तोडायला येणाऱ्या धार्मिकाला, तुला त्रास देणारे कुत्रे सिंहाने मारले, आता खुशाल हिंड, असे सांगणारी प्राकृत गाथेतील चतुर स्त्री आनंदवर्धनाने ध्वनीचे पहिले उदाहरण म्हणून निवडली. तिचे निमंत्रण हे निषेधाचे आहे, हे रसिकाला कळते ते तिचे शब्द नीट ऐकल्यामुळेच. सिंह नसला तर निषेधही नाही.

बर्नार्डची प्रवचने या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. 1135 पासून 1153 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने गीतरत्नावर 86 प्रवचने रचली आणि तरी तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंत पोचला. सव्विसाव्या प्रवचनात तो त्याच काळ्या-सुंदर वचनातील केदारच्या तंबूंचे रूपक उलगडत असताना एकाएकी थांबतो. त्याचा सख्खा भाऊ जेरार्ड नुकताच वारलेला असतो आणि मठाधिपतीला आपला शोक आवरत नाही. त्या प्रवचनाचा उरलेला भाग बहुतांशी विलाप आहे. आत्म्याच्या प्रवासाचे प्रतीक म्हणून घेतलेले तंबू तेथे उन्हातान्हातले, सोडून जाण्याचे, देहाचे तंबू होतात. रूपकवादी परंपरेचा हा सर्वांत मोठा प्रवक्ता ज्या ठिकाणी सर्वाधिक स्मरणीय होतो, तेथे वाच्यार्थाने त्याला गाठलेले असते.

गीताच्या शेवटच्या अध्यायातील सहाव्या वचनात प्रेमाला मृत्यूइतके बलवान म्हटले आहे आणि त्याच्या ज्वालेसाठी ‘शल्हेवेतयाह’ हा शब्द वापरला आहे. शेवटचा ‘याह’ हा देवाच्या नावाचा संक्षेप असू शकतो किंवा केवळ तीव्रता दाखवणारा प्रत्यय. शब्द एकसंध लिहावा की तोडून, याविषयी हिब्रू पाठपरंपरेतच मतभेद आहे. 1611 च्या इंग्रजी अनुवादकांनी अतितीव्र ज्वाला असा अर्थ घेतला, 1901 च्या अमेरिकन आवृत्तीने यहोवाची ज्वाला असा. सबंध पुस्तकात देवाचे नाव आहे की नाही, हा प्रश्न अशा रीतीने एका अक्षरावर येऊन ठेपतो. आणि ते अक्षर आले आहे ते द्राक्षमळ्यातून उठून आलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या त्या मुलीच्या तोंडी.